जुन्या सोन्याची नवी घडण

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, अक्कलकोट तालुक्यात, कानडी मुलखाच्या सीमेला लागून दुधनी हे तुरीच्या व्यापाराचे गाव आहे. तेथे मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने चालतात. सोयरिकी अक्कलकोट-सोलापुराकडे होतात, तशाच अफझलपूर-कलबुर्गीकडेही होतात. तुरीचे पीक विकून हाती पैसा आला की अशा गावात लग्नाचे बेत ठरू लागतात, आणि लग्न ठरले की घरातील दागिन्यांचा डबा उघडला जातो. त्यातून सासूबाईंचे गोठ निघतात, आजेसासूंची बोरमाळ निघते, क्वचित एखादी पुतळ्यांची माळ निघते, आणि दोऱ्यातून सुटलेले दोनचार मणी कापसात गुंडाळून ठेवलेले सापडतात. सोन्याचा भाव असा चढलेला, की सगळे नवे घेणे मध्यम स्थितीच्या कुटुंबास झेपत नाही. तेव्हा जुने मोडून नवे करावे, असे घरात कोणीतरी म्हणतेच. सूचना सोपी आहे आणि पुष्कळदा शहाणपणाचीही आहे. परंतु ती अमलात आणण्यापूर्वी काय काय पाहावे लागते, हे ध्यानी न घेतल्यामुळे अनेक घरांचे नुकसान होते. आणि झालेले नुकसान कळतही नाही, कारण तोपर्यंत जुना दागिना मुशीत गेलेला असतो.

दागिना 'मोडणे' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. अडचणीच्या वेळी तो विकून पैसा उभा करणे, हा एक. आणि नव्या घडणीसाठी तो आटवणे, हा दुसरा. पहिल्या प्रकारात निवडीला फारसा वाव नसतो. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात दख्खनच्या शेतकऱ्यांनी बायकामुलांच्या अंगावरील चांदी विकली, आणि ती मुंबईच्या टांकसाळीत वितळण्यासाठी ढिगांनी जाऊन पडली. १९७२ च्या दुष्काळातही सोलापूर जिल्ह्यातील कित्येक घरांतले डबे रिते झाले. अशा वेळी दागिन्याने माणसे जगवली, यातच त्याचे सार्थक झाले असे म्हटले पाहिजे. दुसऱ्या प्रकारात मात्र घाई नसते, आणि म्हणूनच विचार न करण्याला काही सबब उरत नाही.

विचाराला आरंभ करताना एक गोष्ट मनात पक्की असावी. कोणत्याही जुन्या दागिन्यात तीन वस्तू एकत्र नांदत असतात: धातू, कारागिरी आणि घराची आठवण. आटणीत यांतली पहिली टिकते, दुसरी समूळ जाते, आणि तिसरी टिकणे न टिकणे घरच्या मंडळींच्या विवेकावर अवलंबून राहते. सोनार तराजूत घालतो ती केवळ पहिली वस्तू. उरलेल्या दोहोंचे मोल ठरवण्याचे काम त्याचे नव्हे, ते घरच्यांचे आहे.

प्रथम धातूचा विचार करू. सोने गंजत नाही, हवेने किंवा पाण्याने झिजून नाहीसे होत नाही. म्हणून एकच सोने पिढ्यान् पिढ्या नव्या नव्या रूपाने वावरू शकते. परंतु निव्वळ चोख सोने दागिन्याला फार मऊ पडते. त्याला काठिण्य यावे म्हणून त्यात तांबे व चांदी मिसळतात. ही मिसळ किती, यावर सोन्याचा कस ठरतो. चोविसापैकी बावीस भाग सोने असेल तर ते २२ कॅरटचे, अठरा भाग असेल तर १८ कॅरटचे. आजच्या प्रमाणांकनात हीच गोष्ट हजार भागांच्या हिशेबाने ९१६ आणि ७५० अशा आकड्यांनी दाखवतात. जुन्या दागिन्यांवर असा शिक्का नसतो. शिवाय जुन्या घडणीत सांधे जोडण्यासाठी जो मिश्रधातू वापरीत, तो अंगच्या सोन्याहून लवकर वितळावा म्हणून हलक्या कसाचा ठेवावा लागे. ज्या दागिन्याला सांधे अधिक, त्याच्या एकंदर कसात घट अधिक. म्हणून 'आमच्या आजीचे सोने बावन्नकशी' अशी घरोघरी असलेली श्रद्धा कसोटीच्या दगडावर नेहमीच खरी उतरते असे नाही. आणि ती उतरली नाही, म्हणून सोनाराने लबाडी केली असाही अर्थ होत नाही.

दुसरा घोटाळा लाखेचा. बोरमाळेचे मणी भरीव नसतात. पातळ पत्र्याचे पोकळ मणी करून ते चेपू नयेत म्हणून आत लाख भरतात. जुन्या पद्धतीच्या कित्येक पोकळ दागिन्यांची गोष्ट अशीच आहे. समजा, एका बोरमाळेचे वजन ४० ग्रॅम भरले. त्यात लाख आणि दोरा मिळून १२ ग्रॅम निघाली, तर धातू राहिली २८ ग्रॅम. ती २० कॅरटची ठरली, तर तिच्यात चोख सोने सुमारे २३.३ ग्रॅम, आणि त्याचे २२ कॅरटचे सोने केले तर ते सुमारे साडेपंचवीस ग्रॅम भरेल. चाळिसाचे साडेपंचवीस झालेले पाहून घरच्यांना धक्का बसतो. पण हिशेब आधी मांडला असता तर तो बसण्याचे कारण नव्हते. वजन तोळ्यांत सांगण्याची जुनी चाल अजून पुष्कळ घरांत आहे. तेथे इतके लक्षात असावे की जुना तोळा ११.६६ ग्रॅमांचा होता, आणि हल्ली बोलताना तोळा म्हणतात तो बहुधा सरळ १० ग्रॅमांचा असतो. आजेसासूंच्या यादीत 'पाच तोळे' लिहिले असेल, तर ते ५० ग्रॅम नव्हेत, सुमारे ५८ ग्रॅम होत.

कस पाहण्याची जुनी रीत म्हणजे काळ्या दगडावर रेघ ओढायची, तिच्या शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढायची, आणि तेजाबाचा थेंब देऊन दोहोंची तुलना करायची. मुरलेल्या सोनाराची नजर या कामी मोठी कुशल असते. हल्ली मोठ्या पेढ्यांत क्ष-किरणांचे यंत्र असते. ते काही क्षणांत आकडा दाखवते आणि दागिन्याला ओरखडाही उमटत नाही. मात्र दगड काय आणि यंत्र काय, दोन्ही वरच्या पातळ थराचीच परीक्षा करतात. आतील सांधे, मुलामा, खालचा पत्रा यांचा पत्ता त्यांना लागेलच असे नाही. म्हणून शहाणे गिऱ्हाईक दोनदा परीक्षा मागते: एकदा दागिना जसाच्या तसा असताना, आणि पुन्हा आटणी होऊन एकजीव लगड झाल्यावर. दुसरा आकडा अधिक विश्वासाचा.

आटणीची क्रिया पाहण्यासारखी असते. दागिन्यातील खडे, मोती आणि दोरा काढून घेतात, लाख तापवून वेगळी करतात, आणि उरलेली धातू मुशीत घालून तीवर सवागी टाकतात. सवागी म्हणजे टाकणखार. तो वितळून मळ आणि धातूंचे जळके अंश आपल्यात ओढून घेतो. चोख सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते, मिश्रणाचे सोने त्याहून काहीसे आधी. बागेसरीत निखारे फुलवून फुंकणीने ज्योत वळवणारा सोनार लहान गावातून अद्याप दिसतो, जरी पुष्कळ ठिकाणी वायूची शेगडी आणि विजेची भट्टी आली आहे. रस थंड झाला की लगड होते, तिचा पत्रा ठोकतात किंवा तार ओढतात, आणि तेथून नवी घडण सुरू होते. वीसपंचवीस वर्षांमागे 'केडीएम' नावाने जे दागिने विकले जात, त्यांच्या सांध्यांत कॅडमियम असे. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते. म्हणजे सोने वितळण्यापूर्वी त्याची वाफ होते, आणि ती वाफ फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक असते. असा दागिना आटवायचा असेल, तर तो तसा असल्याचे कारागिराला आधी सांगणे हे गिऱ्हाइकाचे कर्तव्य आहे.

आटणीत थोडी घट येतेच. घासताना, कापताना आणि झळाळी देताना सोन्याचा कण जातो. ही घट केवळ बोलण्यातली नाही, याचा पुरावा म्हणजे झारेकरी. सोनाराच्या दुकानातील राख आणि केर विकत घेऊन तो धुणारा आणि त्यातून सोने काढणारा हा धंदेवाईक त्या घटीवरच पोट भरत आला आहे. मात्र घट किती धरणार, घडणावळ किती, खड्यांचे वजन कोणत्या हिशेबाने वजा करणार, या तिन्ही गोष्टी काम देण्याआधी कागदावर याव्यात. आणखी एक भेद ओळखावा. स्वतःचेच सोने देऊन त्याचा दागिना करवणे निराळे, आणि जुना दागिना पेढीला विकून त्या किमतीत तयार दागिना घेणे निराळे. पहिल्यात घरचे सोने घरी राहते. दुसऱ्यात ते कोठेतरी जाते आणि त्याच्या जागी परके येते. दोहोंचा खर्च आधी मागून घ्यावा, आणि मग आपल्याला काय हवे ते ठरवावे.

हे झाले धातूचे. आता कारागिरीकडे वळू. काही दागिने असे आहेत की ते मोडणे म्हणजे शंभराची वस्तू पन्नासाला घालवणे होय. पुतळ्यांच्या माळेचेच उदाहरण घ्या. पुतळी म्हणून आपल्याकडे जे नाणे मिरवले, त्याचे मूळ व्हेनिसच्या ड्यूकटमध्ये आहे. हे सुमारे साडेतीन ग्रॅमांचे, जवळजवळ चोख सोन्याचे नाणे १२८४ साली निघाले आणि १७९७ साली व्हेनिसचे प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत पडत राहिले. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती कोरलेला असे. मसाल्याच्या आणि कापडाच्या मोबदल्यात ते हिंदुस्थानात आले. त्यावरील आकृतींमुळे येथे त्याला पुतळी हे नाव पडले, आणि देशी सोनारांनी त्याच्या नकलाही पुष्कळ केल्या. एखाद्या घरच्या माळेत अस्सल आणि नक्कल यांची सरमिसळ असू शकते. नाण्यांच्या जाणकाराला दाखवल्यावाचून अशी माळ मुशीत घालणे म्हणजे पोथी न वाचताच रद्दीत देणे आहे.

नथीतील मोत्यांचीही तीच कथा. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत आपल्याकडे आले ते इराणच्या आखातातले, बसऱ्याचे म्हणून ओळखले जाणारे नैसर्गिक मोती. जपानात मिकिमोतो यांनी १८९३ साली मोती पैदा करण्यात यश मिळवले, आणि पुढे १९२० नंतर असे संवर्धित मोती जगभर पसरून आखातातील धंदा बसला. म्हणून जुन्या नथीतील पिवळसर, किंचित ओबडधोबड मोती काढून त्या जागी पांढरे एकसारखे मोती बसवणारी गृहिणी कदाचित मौल्यवान टाकून साधारण घेत असते. याच्या उलटही घडते. फ्रान्समध्ये वर्नोय यांनी कृत्रिम माणके बनवण्याची रीत १९०२ साली जाहीर केली, आणि ती माणके लौकरच बाजारात आली. तेव्हा आजीच्या कुडीतला लाल खडा खाणीतलाच असेल असे धरून चालू नये. बंद कोंदणातील खड्याखाली चकाकीसाठी पातळ पत्रा घातलेला असतो. कोंदण उघडले किंवा पाणी आत शिरले की तो काळवंडतो आणि खडा निस्तेज दिसू लागतो. मोत्याला तर उष्णता आणि आम्ल दोन्ही वर्ज्य. या सर्व गोष्टी आटणीच्या आधी, जाणत्या हाताने, एकेक करून उतरवायला हव्यात.

मग जुने वापरायचेच नाही काय? तसे मुळीच नाही. मोडणे आणि तसेच ठेवणे यांच्यामध्ये एक तिसरा मार्ग आहे, आणि बहुधा तोच उत्तम असतो. तो म्हणजे न आटवता फेर करणे. बोरमाळ गाठवून नव्या दोऱ्यात ओवली, मधे पोवळी घातली, तर ती आजच्या मुलीच्या गळ्यात शोभते; तीन नातींना वाटून द्यायची असेल, तर मणी मोजून तीन लहान सर करता येतात, आणि प्रत्येकीच्या वाट्याला आजीच्या हातचे मणी येतात. गोठ असा वाटता येत नाही. तो कापला की त्याचे सोने होते. कानाच्या वरच्या पाळीत बुगडी घालण्याची रीत मागे पडली, पण बुगडीची जोडी गळ्यातल्या साखळीत लोलकासारखी बसते. वाकीच्या मधल्या भागाचे पदक होते. कंबरपट्ट्याचे सुटे भाग गळसरीला लागतात. कोल्हापुरी साजाची पाने वेगळी करून निराळ्या क्रमाने ओवता येतात. अशा फेरबदलात घडणावळ थोडी लागते, घट जवळजवळ येत नाही, आणि पुढच्या पिढीला वाटले तर सारे पूर्ववतही करता येते. सीमाभागातील लिंगायत घरांत इष्टलिंग ठेवण्याचा चांदीचा चौका असतो. तो तर दागिना नव्हेच, उपासनेची वस्तू आहे. त्याच्याविषयीचा निर्णय वजनाच्या हिशेबाने होऊच नये.

नवा दागिना करायचाच असेल तर तो घालणाऱ्या व्यक्तीच्या मापाने आणि सवयीने व्हावा. पंढरपूरच्या नरहरी सोनाराची कथा सर्वांना ठाऊक आहे. देवासाठी घडवलेला करगोटा एकदा आखूड झाला, एकदा सैल झाला. डोळे बांधून, हाताने चाचपून माप घेतले, तेव्हा कोठे तो बसला, आणि त्याच वेळी शिव आणि विठ्ठल एकच असल्याची ओळख नरहरींना पटली. कथेतील भक्तीचा अर्थ थोर आहे. पण तिच्यातील धंद्याचा धडाही खोटा नाही. ज्याच्या अंगावर दागिना चढायचा, त्याला पाहिल्यावाचून तो घडवू नये. रोज कचेरीत जाणाऱ्या मुलीसाठी चारपदरी माळ करून पुन्हा डब्यातच ठेवायची असेल, तर जुनी माळ काय वाईट होती?

जुन्याचे नवे करण्याचा हा व्यवहार किती जिव्हाळ्याचा आहे, हे १९६३ साली सरकारलाही कळून आले. चीनच्या आक्रमणानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी त्या वर्षीच्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू केले. १४ कॅरटहून अधिक कसाचे दागिने करण्यास बंदी आली. सोनारांचा धंदा बसला, कित्येक कुटुंबे उघडी पडली. आणि लोकांनी १४ कॅरटचे सोने मनापासून स्वीकारले नाही. गिऱ्हाइकाच्या जुन्या दागिन्यांतून अधिक कसाचे नवे दागिने करण्याची सवलत पुढे लहान सोनारांना द्यावी लागली. १९६६ साली १४ कॅरटची मर्यादा उठली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० साली रद्द झाला. आज शुद्धतेची काळजी वेगळ्या रीतीने घेतली जाते. भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणांकन २००० सालापासून आहे, २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले, आणि १ एप्रिल २०२३ पासून नव्या दागिन्यावर सहा अंकाक्षरांची स्वतंत्र खूण असावी लागते. घरातील जुने, शिक्क्यावाचूनचे दागिने बाळगण्यास किंवा पेढीला देण्यास यामुळे काहीच बाध येत नाही. नव्या घडणीवर मात्र शिक्का मागून घ्यावा.

शेवटी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. दागिना मोडायचा की नाही, हे ठरवायचे कोणी? पुष्कळ घरांत कर्ता पुरुष ठरवतो, सासूबाई मान डोलावतात, आणि जिच्या अंगावरचा तो दागिना, तिला हात पुढे करून गोठ काढून देण्यापुरतेच विचारले जाते. हे रीतीला धरून असेल. कायद्याला धरून नाही आणि न्यायाला तर नाहीच. विवाहात व माहेराहून स्त्रीला मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन. धर्मशास्त्रकारांनी ते मानले, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीची मालकी पूर्ण केली, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की सासरच्या घरी आल्याने स्त्रीधन सासरचे होत नाही. पतीच्या हाती ते विश्वासाने दिलेले असते, एवढेच. तेव्हा धाकट्या नणंदेच्या लग्नासाठी थोरल्या सुनेच्या पाटल्या आटवायच्या असतील, तर 'घरचेच सोने घरात' हे उत्तर पुरेसे नाही. तिने आनंदाने दिल्या तर ते दान आहे. न विचारता घेतल्या तर त्याला दुसरे नाव आहे. आटणी झाल्यावर लगडीकडे पाहून कोणाचे सोने किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणूनच तिचा होकार आधी हवा, आणि तो बोलण्यात नव्हे तर यादीत हवा.

अशी यादी करणे काही अवघड नाही. प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र घ्यावे. त्याखाली त्याचे नाव, वजन, तो कोणाकडून कोणाला आला, आणि आज कोणाच्या मालकीचा आहे, हे लिहावे. मोडला तर कोणत्या दिवशी, किती भरला, कस किती निघाला आणि त्यातून काय घडले, तेही नोंदवावे. सोनाराची पावती तिलाच जोडावी. बोरमाळ, वज्रटीक, चिंचपेटी, सरी ही नावे नव्या मुलींच्या कानांवरून जाईनाशी होत आहेत. यादीत ती राहतील. आणि उद्या नातीने आपल्या हातातील बांगडीविषयी विचारले, तर ती कोणाच्या गोठांची झाली, हे तिला त्या कागदावरून वाचून दाखवता येईल.